होमस्टेची ई-स्कूटर आणि उतारावरचा अपघात: एक प्रकरण अभ्यास

गुहागर तालुक्यातल्या एका किनारी गावात दिवाळीच्या सुट्टीत हा अपघात घडला. कुणाचा जीव गेला नाही, त्यामुळे त्याची बातमीही झाली नाही. तरी न्याहारी-निवास चालवणाऱ्यांच्या प्रशिक्षणात मी जी प्रकरणं मांडते त्यांत सगळ्यात जास्त वेळ हेच घेतं, कारण समोर बसलेल्या अनेकांच्या खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, तशीच स्कूटर उभी असते. दोन्ही कुटुंबांना विचारून हे लिहिते आहे. नावं आणि ओळख पटेल असे तपशील काढून टाकले आहेत. घरमालकांना इथे अण्णा म्हटलं आहे आणि त्यांच्या सुनेला वहिनी.

पार्श्वभूमी

गाव दोन भागांत आहे. वर जांभ्याचा सडा, म्हणजे खडकाळ पठार, खाली समुद्रालगत माडापोफळीची आगरं आणि त्यांत वाडी. एसटी वरच्या तिठ्यावर थांबते. तिथून वाडीत उतरणारा रस्ता अरुंद आहे, दोन्ही अंगांना चिऱ्याचे गडगे, म्हणजे दगडी कुंपणाच्या भिंती, आणि निम्म्यावर एक आंधळं वळण. जवळच्या चिरेखाणीचे ट्रक सड्यावरून जातात. त्यांच्यातून सांडलेला बारीक चुरा आणि खडी पावसाच्या पाण्याबरोबर वाहून या वळणाच्या आतल्या बाजूला साचते. पाऊस संपला तरी कुणी झाडून काढलं नाही तर ती तिथेच पडून राहते.

अण्णांकडे पाहुण्यांसाठी चार खोल्या. येणारे बहुतेक पुण्या-मुंबईचे. मोठी गाडी एकदा आगरात लावली की पुन्हा बाहेर काढायचा त्यांना कंटाळा येतो, आणि वाडीत रिक्षा उभी नसते. देवळात जायचं, समुद्रावर जायचं, जमलं तर हेदवीची बामणघळ बघून यायचं, एवढ्यासाठी काहीतरी वाहन हवं, अशी पाहुण्यांची मागणी असायची. अण्णांनी चिपळूणला जाऊन दोन लो-स्पीड ई-स्कूटर घेतल्या. दुकानदाराने सांगितलं, "लायसन नको, पासिंग नको, इन्शुरन्स नको, हेल्मेटची सक्ती नाही. कुणालाही द्या."

कायद्यापुरतं बोलायचं तर दुकानातून बाहेर पडलेल्या स्कूटरबाबत हे बरोबर होतं. केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे बॅटरीवर चालणाऱ्या ज्या गाडीच्या मोटरची शक्ती ०.२५ किलोवॅटपेक्षा कमी आहे आणि कमाल वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत आहे, आणि जी मान्यताप्राप्त संस्थेने तपासून तशी प्रमाणित केली आहे, ती 'मोटार वाहन' धरली जात नाही. म्हणून नोंदणी, परवाना, विमा या गोष्टी तिला लागू होत नाहीत. अण्णांनी आणि दुकानदाराने या सवलतीचा अर्थ मात्र एवढाच लावला की ही गाडी धोक्याची नाही. पुढचं सगळं प्रकरण या समजुतीवर उभं आहे.

स्कूटर घरी आल्यावर पहिली अडचण चढाची आली. दोन माणसं बसली की ती वळणापाशी दम टाकायची, पाहुण्यांना उतरून ढकलावं लागायचं. अण्णांनी ओळखीच्या मेकॅनिकला बोलावलं. त्याने मोटरला किती वीज द्यायची ते ठरवणाऱ्या कंट्रोलरमधून येणारी, वेग बांधणारी वायर काढून टाकली. पाच मिनिटांचं काम, पैसे फार नाहीत. स्कूटर चढायला लागली आणि सपाटीवर चाळीसच्या आसपास पळायला लागली. त्या क्षणी तिला मिळालेली सवलत संपली. आता ती विनानोंदणी, विनाविमा मोटार वाहन होती. अशा फेरफार केलेल्या ई-बाइकविरुद्ध महाराष्ट्राच्या परिवहन विभागाने २०२२ मध्ये तपासणी मोहीमही काढली होती. ही गोष्ट वाडीपर्यंत पोचली नाही. त्याहून महत्त्वाचं म्हणजे गाडीत केलेल्या बदलाची गोष्ट वहिनींपर्यंतही पोचली नाही. पाहुण्यांना चावी द्यायच्या त्या, आणि वायर काढल्याचं त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. त्या पाहुण्यांना मनापासून सांगायच्या की ही पंचविसाच्या वर जात नाही, मुलांनाही द्यायला हरकत नाही.

आधी दोनदा सूचना मिळाली होती

गणपतीनंतर शेजारच्या आजी पहाटे फुलं घेऊन पाखाडीच्या, म्हणजे पायऱ्यांच्या वाटेच्या, तोंडाशी रस्त्यावर उतरत होत्या. मागून आलेली स्कूटर त्यांना ऐकूच आली नाही. हँडलचं टोक कोपराला लागलं, परडी पडली, आजी गडग्याला धरून उभ्या राहिल्या. त्यांनी पाहुण्याला चार शब्द सुनावले आणि विषय तिथेच मिटला. पेट्रोलच्या गाडीचा आवाज वाडीतली म्हातारी माणसं, गुरं, कुत्री सगळी नकळत ऐकत असतात आणि त्या आवाजाने बाजूला होतात. या गाडीला तो आवाज नव्हता.

दुसरा प्रसंग खळ्यातला. फेरी मारून आलेल्या पाहुण्याने स्कूटर उभी केली, पण चावी तशीच ठेवली. डिस्प्लेवर 'रेडी' दिवा लागलेला. त्याचा पाचसहा वर्षांचा मुलगा पुढे उभा राहून खेळत होता आणि त्याने मूठ पिळली. इंजिन चालू असल्याचा आवाज नाही, थरथर नाही, त्यामुळे गाडी जिवंत आहे हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. स्कूटर झटक्यात पुढे गेली आणि तुळशीवृंदावनाला धडकली. मुलाला खरचटलं. वृंदावनाचा एक कोपरा उडाला, तो अण्णांनी सिमेंट लावून नीट केला.

दोन्ही वेळा नशिबाने वाचलो असं म्हणून लोक पुढे गेले. कुठे लिहून ठेवलं नाही, वहिनींशी कुणी बसून बोललं नाही. मला विचाराल तर हे प्रकरण टाळण्याची सगळ्यात स्वस्त संधी इथे होती. तेव्हा कुणी घाबरलेलं नव्हतं आणि बदल करायला वेळ होता.

त्या संध्याकाळी काय घडलं

पुण्याहून दोन भावांची कुटुंबं आली होती. थोरल्या भावाची मुलगी सोळा वर्षांची, अकरावीत. धाकट्याचा मुलगा अकरा वर्षांचा. सूर्यास्त बघायला सड्यावर जायचं ठरलं. मोठी माणसं चालत निघाली, मुलीने स्कूटर मागितली. वहिनींनी वडिलांकडे बघितलं, ते म्हणाले, "सोसायटीत चालवते ती, येते तिला." वहिनींनी चावी दिली. दारामागे खुंटीला एक हेल्मेट होतं, अण्णांचं. ते मुलीला मोठं होत होतं. भावाच्या मापाचं नव्हतंच. दोघंही तशीच गेली.

वर जाताना काही झालं नाही. येताना अंधारून आलं होतं. भाऊ मागे बसलेला. उतारावर वेग वाढत गेला, कारण स्वस्तातल्या या स्कूटरला उतारावर मागे धरून ठेवणारं काही नसतं. पेट्रोलची स्कूटर मूठ सोडली की इंजिनाच्या ओढीने थोडी तरी मंदावते. ही मोकळी धावते. वळणापाशी समोरून एक बैलगाडीएवढा गवताचा भारा डोक्यावर घेतलेली बाई दिसली. मुलीने घाबरून दोन्ही ब्रेक आवळले. पुढचं चाक खडीवर घसरलं. मुलगी हात पुढे करून रस्त्यावर पडली, भाऊ बाजूला फेकला गेला आणि त्याचं डोकं गडग्याच्या चिऱ्याला आपटलं, डाव्या कानाच्या जरा वर.

गवताचा भारा टाकून त्या बाईच आधी धावल्या.

पहिला तास

मुलगा काही क्षण नुसता डोळे उघडे ठेवून पडला होता. मग रडला, मग स्वतःच उठून बसला. जमलेल्यांपैकी एकाने त्याला काखेत हात घालून उभं केलं आणि चालवत खाली आणलं. मुलीचं मनगट वाकडं दिसत होतं आणि भराभर सुजत होतं. सगळ्यांचं लक्ष तिच्या हाताकडे गेलं, कारण ते दिसत होतं आणि ती विव्हळत होती. मुलगा ओटीवर बसून पाणी प्यायला, आजूबाजूच्यांशी बोलला. त्याच्या डोक्याला जखम अशी नव्हतीच, नुसतं टेंगूळ.

वहिनींनी मुलीच्या हाताखाली भिंतीवरच्या दिनदर्शिकेचा पुठ्ठा दुमडून दिला आणि ओढणीने गळ्यात बांधला. हात सरळ करायचा प्रयत्न त्यांनी कुणाला करू दिला नाही. हे उत्तम झालं. पुढे डॉक्टरांनीही तेच म्हटलं.

साधारण अर्ध्या तासाने मुलाला उलटी झाली. मग तो म्हणाला, झोप येते. घरातल्या मोठ्या बाईंचं मत पडलं, "झोपू दे गो त्याला, घाबरलंय पोर." मुलाच्या आईलाही तेच पटत होतं. दिवसभर प्रवास, समुद्रात डुंबणं, वर ही भीती, मूल दमणारच. या प्रकरणातला हा सगळ्यात महत्त्वाचा निर्णय होता आणि तो वहिनींनी घेतला. त्यांनी बचतगटाच्या प्रथमोपचार शिबिरात ऐकलं होतं की डोक्याला मार लागल्यावर उलटी आणि गुंगी दिसली तर थांबायचं नाही. त्यांनी झोपू द्यायला साफ नकार दिला आणि १०८ ला फोन लावला.

वहिनींचा हा आग्रह का बरोबर होता ते सांगते. कानाच्या वरचं कवटीचं हाड पातळ असतं आणि त्याच्या आतल्या अंगाने एक धमनी जाते. हाडाला तडा गेला आणि ती धमनी फाटली तर कवटी आणि मेंदूचं आवरण यांच्यामध्ये रक्त साचत जातं. अशा वेळी माणूस आधी चांगला बोलतो, चालतो, पाणी पितो आणि नंतर काही वेळात ढासळतो. मधल्या त्या बऱ्या वेळेवर विसंबून माणसं घरी झोपवली जातात. वारंवार उलटी, वाढती डोकेदुखी, गुंगी, असंबद्ध बोलणं, दोन बाहुल्या लहानमोठ्या दिसणं, नाकातून किंवा कानातून पाण्यासारखा स्राव, झटके, हातापायात कमजोरी, यांपैकी एक जरी दिसलं तरी रुग्णालय गाठायचं.

फोनवर पुढचा प्रश्न आला. रुग्णवाहिका वाडीत येईपर्यंत थांबायचं की निघायचं? घरात तीन मतं होती. वडील म्हणत होते, आमची गाडी आहे, थेट चिपळूणला नेतो, दीड तासात पोचू. अण्णांना वाटत होतं, रुग्णवाहिकेची वाट बघावी. वहिनींनी मधला मार्ग काढला: इथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आपण न्यायचं आणि १०८ ला तिथेच यायला सांगायचं. वडिलांचे हात कापत होते, म्हणून गाडी शेजारच्या मासेवाल्या टेम्पोच्या चालकाने चालवली. तो आधी कचरत होता. अपघात आहे, पोलीस विचारतील, आपण कशाला अडकायचं. त्याला कुणी सांगितलं नव्हतं की मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीत कलम १३४अ आलं आहे. त्याप्रमाणे सद्हेतूने मदत करणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही. तो माणुसकीने निघाला, पण दोनतीन मिनिटं तरी त्या घोळात गेलीच.

केंद्रात डॉक्टर होते. त्यांनी मान बांधली, शिरेत सुई घातली, धनुर्वाताची लस दिली, शुद्धीची पातळी लिहून घेतली आणि रुग्णवाहिकेने चिपळूणला रवाना केलं. तिथल्या सीटी स्कॅनमध्ये कवटीला बारीक तडा आणि आत थोडं साचलेलं रक्त दिसलं. रात्रीच त्याला मेंदूचे शल्यविशारद असलेल्या मोठ्या रुग्णालयात हलवलं. दुसऱ्या स्कॅनमध्ये रक्त वाढलेलं नव्हतं, म्हणून शस्त्रक्रिया न करता अतिदक्षता विभागात नजरेखाली ठेवलं. मुलीच्या मनगटाजवळचं हाड मोडलं होतं. हात पुढे टेकून पडल्यावर ते बऱ्याचदा मोडतं. बेशुद्ध करून हाड बसवलं आणि प्लास्टर घातलं.

स्कूटर उघडल्यावर

रुग्णालयातून पोलिसांना नियमाप्रमाणे कळवलं गेलं. जबाब झाले, स्कूटर काही दिवस चौकीवर उभी राहिली. परत आल्यावर अण्णांनी ती दुसऱ्या एका मेकॅनिककडून उघडून घेतली. मी तेव्हा तिथे होते.

पुढच्या ब्रेकची केबल गंजून आवरणात घट्ट बसली होती. लिव्हर अर्ध्यावर दाबला तरी ब्रेक शू हलत नव्हते, आणि मग जोर लावला की एकदम पकडायचे. खडीवर चाक का घसरलं ते यात कळतं. त्याहून वाईट गोष्ट लिव्हरच्या मुळाशी होती. ई-स्कूटरच्या ब्रेकला एक छोटा कट-ऑफ स्विच असतो. लिव्हर दाबला की तो मोटरचा पुरवठा तोडतो, मूठ पिळलेली असली तरी. मेकॅनिकने स्क्रू ड्रायव्हरने तो स्विच बाहेर काढला तर त्याच्या पात्यावर हिरवट पांढरी बुरशी आल्यासारखा खार जमला होता. मागचं चाक स्टँडवर उचलून मूठ पिळली, ब्रेक दाबला, चाक फिरतच राहिलं. घाबरलेला माणूस हँडल घट्ट धरतो आणि त्या पकडीत मूठही पिळली जाते. म्हणजे वळणावर ब्रेक आणि मोटर एकमेकांविरुद्ध काम करत असण्याची पूर्ण शक्यता होती.

किनाऱ्यावर हे होणारच. दर्यावरून येणारा खारा वारा चुलीवरच्या तव्यापासून खिडकीच्या गजापर्यंत सगळं खातो, तो स्कूटर सोडेल कशाला? पुस्तिकेत लिहिलेलं देखभालीचं वेळापत्रक शहराच्या हवेसाठी असतं. स्कूटर समुद्राच्या वाळूत नेऊन आणली असेल तर गोड्या पाण्याच्या ओल्या फडक्याने पुसणं, केबलना तेल देणं, जोडण्या उघडून बघणं हे काम किनाऱ्यावर आठवड्याचं आहे. अण्णांकडे ते कुणाचंच नव्हतं. पेट्रोल भरायचं नाही, ऑइल बदलायचं नाही, म्हणजे गाडीला काही लागतच नाही, अशी समजूत होती.

वेगाचा हिशोबही मांडून बघा. गाडीची गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. २५ वरून वेग ४० वर गेला की पडताना अंगावर येणारी ऊर्जा अडीचपट होते, आणि त्याच ब्रेकवर थांबायला लागणारं अंतरही अडीचपट होतं. मूळ ब्रेक, मूळ छोटी चाकं आणि मूळ सांगाडा पंचविसाच्या हिशोबाने बनवलेले होते. वायर काढताना फक्त वेग बदलला, बाकी काही बदललं नाही.

जबाबदारी कुणाकुणाची

प्रशिक्षणात हा प्रश्न टाकला की पहिलं उत्तर हमखास येतं: मुलीची, नाहीतर बापाची. मला ते मान्य नाही. बापाने होकार दिला हे खरं, पण तो होकार त्याला मिळालेल्या चुकीच्या माहितीवर होता. पंचविसाच्या वर न जाणारी, परवाना न लागणारी गाडी, असं त्याला सांगितलं होतं.

मेकॅनिकने वेगाची वायर काढली. अण्णांनी ती काढायला लावली आणि घरात सांगितलं नाही. दुकानदाराने गाडी विकताना सवलत सांगितली, पण ती कशाने जाते ते सांगितलं नाही. वहिनींनी दोन मुलांना एकही हेल्मेट न देता चावी दिली. रस्त्यावरची खडी ही खाण, वाहतूकदार आणि ग्रामपंचायत यांच्यामध्ये कुणाचीच नव्हती. या प्रत्येकाचा वाटा वेगवेगळा आहे, आणि माझ्या मते सर्वांत मोठा वाटा गाडीच्या मालकाचा, कारण तिच्या अंतरंगात काय बदललं आहे हे पैसे घेऊन चावी देणाऱ्यांपैकी फक्त त्यांनाच माहीत होतं.

कायदाही याच दिशेने बोलतो. स्कूटर मोटार वाहनाच्या व्याख्येत आल्यावर परवाना नसलेल्या माणसाच्या हाती ती देणं हा मालकाचा गुन्हा ठरतो. चालवणारं मूल अल्पवयीन असेल तर कलम १९९अ लागतं: पालक किंवा वाहनमालक दोषी धरला जातो, तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंडाची तरतूद आहे, आणि त्या मुलाला वयाच्या पंचविशीपर्यंत लायसन्स मिळत नाही. भाड्याने दुचाकी देण्याचा धंदा करायचा तर त्याला १९९७ ची स्वतंत्र योजना आहे आणि तिचा परवाना लागतो. वहिनी पाहुण्यांकडून 'स्वतःच्या जबाबदारीवर' असं लिहिलेल्या वहीत सही घेत असत. ती सही ब्रेक नादुरुस्त असल्याची जबाबदारी पुसत नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली तो सेवेतला दोष म्हणून उभा राहू शकतो.

या प्रकरणात पाहुण्यांच्या कुटुंबाने तक्रार दिली नाही. पण विमाही नव्हता. उपचारांचा मोठा भाग त्यांच्या आरोग्य विम्यातून गेला, उरलेल्यातला काही अण्णांनी स्वतःहून दिला. त्यासाठी त्यांनी त्या वर्षीच्या आंब्याच्या कलमांवर उचल घेतली.

पर्याय

अण्णांपुढे चार वाटा होत्या आणि त्यांनी प्रत्येकीचा विचार केला. पहिली, स्कूटर विकून टाकायच्या. वहिनींचा कल इकडे होता. अडचण अशी की फेरफार केलेली गाडी विकली तर धोका दुसऱ्याच्या दारात जाणार, आणि पाहुण्यांची ने-आण हा प्रश्न तसाच राहणार.

दुसरी वाट म्हणजे नोंदणीकृत, पूर्ण वेगाच्या ई-स्कूटर घेऊन रीतसर परवाना काढायचा. त्यांना व्यावसायिक म्हणून हिरव्या पाटीवर पिवळी अक्षरं येतात, विमा येतो, ब्रेक आणि सांगाडा वेगाला साजेसा असतो. मला स्वतःला हा मार्ग सर्वांत स्वच्छ वाटला. पण परवान्यासाठी लागणारा ताफा आणि भांडवल चार खोल्यांच्या घराला झेपत नाही. दोनतीन घरांनी एकत्र यावं असं मी सुचवलं होतं. ते जमलं नाही.

तिसरी, वेग पुन्हा बांधून स्कूटर फक्त खालच्या सपाट वाडीत चालवू द्यायच्या, उतारावर न्यायला बंदी. चौथी, गावातल्या रिक्षावाल्यांशी दर ठरवून वरच्या फेऱ्या त्यांना द्यायच्या.

काय केलं

तिसरी आणि चौथी मिळून अमलात आली. चिपळूणच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये वेगमर्यादा पुन्हा बसवून घेतली आणि तसं बिलावर लिहून घेतलं. केबल, ब्रेक शू, दोन्ही कट-ऑफ स्विच नवे घातले. आयएसआय खूण असलेली हेल्मेट तीन मापांत आणली, त्यातलं एक लहान मुलाचं. मागच्या माणसालाही हेल्मेट आणि पट्टा हनुवटीखाली बांधलेला, नाहीतर चावी नाही. दुचाकीच्या अपघातात हेल्मेटमुळे डोक्याच्या दुखापतीचा धोका सुमारे ६९ टक्क्यांनी आणि मृत्यूचा सुमारे ४२ टक्क्यांनी कमी होतो, असा अनेक अभ्यास एकत्र तपासून काढलेला निष्कर्ष आहे. वेग २५ असला तरी गडग्याचा चिरा तेवढाच टणक असतो.

अठरा वर्षांखालच्यांना स्कूटर द्यायची नाही, हा नियम वहिनींनी कायद्याच्या पुढे जाऊन केला. लो-स्पीड गाडीला वयाची अट लागू नाही, तरीही. आणि सर्वांत उपयोगी बदल सगळ्यात साधा आहे: चावी देण्याआधी वहिनी पाहुण्याला खळ्यात एक फेरी मारायला लावतात. मूठ हळू पिळा, ब्रेक दाबून बघा, 'रेडी' दिवा कुठे लागतो ते बघा, थांबलात की आधी चावी काढा, मागून जाताना हॉर्न द्या कारण माणसांना तुमचा आवाज येत नाही. ज्याला ही फेरी नीट मारता येत नाही त्याला त्या रिक्षेचा नंबर देतात.

ग्रामसभेत वळणाचा विषय मांडला गेला. बहिर्गोल आरसा बसला. खडी झाडायचं काम पावसाळ्यानंतर ग्रामपंचायतीने करायचं ठरलं, आणि खाणमालकाने ट्रकवर ताडपत्री घालायचं कबूल केलं. ताडपत्री अधूनमधून दिसते. खडी अजून साचते.

परिणाम

मुलगा बरा झाला. काही महिने डोकेदुखी आणि आवाजाचा त्रास होत होता, शाळेत तो हळूहळू रुळला, खेळ मात्र डॉक्टरांनी बराच काळ बंद ठेवला. मुलीचं प्लास्टर सहा आठवड्यांनी निघालं, पण मनगट पूर्ण वळायला फिजिओथेरपी लागली. तिच्या आईने मला सांगितलं की हातापेक्षा भावाला आपण पाडलं हे तिच्या मनात जास्त काळ राहिलं. म्हणूनच चुकांची यादी करताना मुलीचं नाव पहिलं घेणाऱ्यांना मी थांबवते. तिने ब्रेक दाबला होता. ब्रेकने नीट काम केलं नाही.

होमस्टेच्या धंद्यावर परिणाम झाला नाही असं नाही. स्कूटर हवी म्हणून आलेले काही पाहुणे रिक्षाचं नाव ऐकून नाराज होतात. वहिनी त्यांना कारण सांगतात, लपवत नाहीत. बहुतेकांना ते पटतं.

वेगळं काय करता आलं असतं

तुळशीवृंदावनाला धडक बसली त्या दिवशी स्कूटर बंद ठेवून तपासून घेतली असती तर स्विचचा खार तेव्हाच दिसला असता. वहिनींना वायर काढल्याचं माहीत असतं तर त्यांनी मुलांना चावी दिली नसती, असं त्या ठामपणे सांगतात आणि माझा त्यावर विश्वास आहे. घरात एकाने गाडीत बदल करायचे आणि दुसऱ्याने ती पाहुण्याला द्यायची, अशी वाटणी असेल तर त्या दोघांमध्ये एक वही तरी हवी.

अपघातानंतरच्या तासातही दोन गोष्टी सुधारण्यासारख्या होत्या. डोक्याला मार लागलेल्या मुलाला काखेत धरून उठवायला आणि चालवायला नको होतं. मानेच्या मणक्याला इजा असेल तर तेवढ्याने ती वाढते. डोकं आणि मान एका रेषेत दोन्ही हातांनी स्थिर धरून, कुणीतरी मदत आणेपर्यंत त्याला तसंच आडवं ठेवणं योग्य. दुसरी, आधी मुलाकडे बघायला हवं होतं. जो विव्हळतो आहे तो श्वास घेतो आहे, शुद्धीत आहे. गप्प बसलेल्याकडे पहिली नजर जायला हवी.

ज्यांच्याकडे अशी स्कूटर आधीच आहे, विशेषतः जुनी घेतलेली, त्यांनी मोबाइलमधल्या जीपीएसवर सपाट, मोकळ्या रस्त्यावर तिचा कमाल वेग मोजावा. तो २५ च्या वर जात असेल तर वायर कुणीतरी काढलेली आहे असं धरून ती पाहुण्यांना देणं त्याच दिवशी बंद करावं. मग मागचं चाक स्टँडवर उचलून, पुढे कुणी उभं नाही हे बघून, मूठ थोडी पिळावी आणि एकेक ब्रेक दाबावा. दोन्ही लिव्हरवर मोटर थांबली पाहिजे. एकावर जरी चाक फिरत राहिलं तर स्विच बदलल्याशिवाय चावी खुंटीवरून काढू नये.